चमनभाईंनी पुसलेला पाळणा

चमन आत्तारांचे वडील अत्तराच्या कुप्यांची पेटी काखोटीला मारून जत्रा आणि उरूस फिरायचे. मुलानं वासाचा धंदा सोडला आणि आवाजाचा धरला. अठ्ठ्याऐंशी साली कोल्हापूरच्या शिवाजी पेठेत, घराच्याच पुढच्या खोलीत, दोन टेपडेक आणि भिंतभर फळ्या टाकून त्यांनी कॅसेटी भरून द्यायचं दुकान काढलं. वर्षाभरात अशी गत झाली, की पेठेत कुणी ‘आत्तार’ म्हणून हाक मारली तर ते स्वतःही वळून बघायचे नाहीत. कॅसेटवाले चमनभाई, एवढंच त्यांचं नाव.

गिऱ्हाईक गाण्यांची यादी घेऊन यायचं. चमनभाई यादी हातात घ्यायचे, पण वाचायचे नाहीत. आधी विचारायचे, “कुणासाठी भरायची?”

गारगोटीचा एक गडी एकदा ह्या प्रश्नावर वैतागला. “कुणासाठी का असंना. यादी दिलीया न्हवं?”

“पावणं, तसं न्हवं. तुमी पयलंच गाणं रडायचं घातलासा. बायकोसाठी असंल तर ती ऐकंल आणि पिशवी भरून माहेरला जाईल. मग तुमी परत माझ्या दारात.”

गडी लाजला. कॅसेट बायकोसाठीच होती. चमनभाईंनी रडायचं गाणं मागच्या बाजूला, अगदी शेवटी टाकलं. दिवाळीनंतर तो गडी परत आला तेव्हा बायको बरोबर होती आणि दोघं चहा पिऊन गेले.

आतल्या खोलीत चुलीपुढं बसून सुलतानबी सगळं ऐकत असायच्या. त्या मराठी शाळेत सातवीपर्यंत शिकलेल्या, अक्षर टपोरं. कॅसेटीच्या कागदावर गाण्यांची नावं त्याच लिहायच्या. नवऱ्याचं चुकलं तर आतनंच बोलायच्या आणि बरोबर आलं तर काही बोलायच्या नाहीत. त्यामुळं घर शांत आहे म्हणजे धंदा नीट चाललाय, असं चमनभाई धरून चालायचे.

चौऱ्याण्णव साली उचगावच्या शेवंताबाई कांबळे चार बायका, एक ढोलकी आणि टाळ घेऊन दुकानात आल्या. दिवसा त्या ओतकामाच्या कारखान्यात वाळूचे साचे भरायच्या. पण त्यांची ओळख होती ती पाळण्यासाठी. उचगावात आणि आजूबाजूच्या चार-पाच गावांत बौद्ध समाजात बारसं निघालं, की बाळाच्या आत्याच्या आधी शेवंताबाईंना सांगावा जायचा. पाळणा त्यांनी स्वतः रचलेला होता, नऊ कडव्यांचा. तो त्यांना कॅसेटीत भरून हवा होता, कारण एका दिवशी दोन बारशी आली की त्यांची ओढाताण व्हायची.

“एका गावाला मी जातो, दुसऱ्या गावाला कॅसेट जाईल,” त्या म्हणाल्या.

चमनभाईंनी दाराला गोधडी बांधली, पंखा बंद केला. शेवंताबाईंनी चपला बाहेर काढल्या, हात जोडले, मनातल्या मनात वंदना म्हटली आणि सुरुवात केली.

पहिल्या दिशी गं पाटी आणली,
बाळीच्या उशाला नीट ठेवली,
जो बाळा जो जो रे जो…

एवढ्यात रस्त्यावरनं हलगी कडाडली. पेठेतल्या एका तालमीच्या संघानं फुटबॉलची मॅच जिंकली होती आणि मिरवणूक दुकानावरनंच चालली होती. बंद करून परत सुरू केलं, तर मिरवणूक माघारी आली. तिसऱ्यांदा पोरं फटाके लावायला लागली. शेवटी सुलतानबी पदर खोचून बाहेर गेल्या.

“अरं, आत बारसं चाललंय. जरा दम धरा.”

“कुणाचं हो काकी?”

“तुजं न्हवं, एवढं बास.”

पोरं पुढं सरकली आणि नऊच्या नऊ कडवी एका दमात भरली गेली. शेवटचं ‘जो’ विरेपर्यंत चमनभाईंचं बटणावरचं बोट हललं नाही. आत तव्यावरची भाकरी करपली होती आणि सुलतानबींनी ती कुणाला न दाखवता स्वतःच खाल्ली.

जाताना शेवंताबाई म्हणाल्या, “चमनभाऊ, मूळची तुमच्याकडंच ऱ्हाऊ द्या. आमच्या घरात दहा हात लागत्यात. तुमच्याकडं ठेव म्हणून ऱ्हाईल.”

कॅसेटीच्या पाठीवर प्लॅस्टिकच्या दोन बारक्या चिपा असतात. त्या मोडल्या की तिच्यावर दुसरं काही भरता येत नाही. चमनभाईंनी त्या त्यांच्यासमोर मोडल्या आणि कॅसेट वरच्या फळीवर ठेवली. तिच्यावरनं निघालेल्या प्रती पुढं आठ-नऊ वर्षं गावोगावच्या बारशांना वाजल्या, वाजून वाजून झिजल्या आणि गुंतून तुटल्या.

मोडलेल्या चिपांवर एक इलाज असतो, तो कॅसेटवाल्यांनाच माहीत. त्या खळग्यावर चिकटपट्टी लावली, की कॅसेट परत भरता येते. दोन हजार तीन साली सीड्या आल्या होत्या, चांगल्या कोऱ्या कॅसेटी मिळेनाशा झाल्या होत्या. जुन्या, कुणी न नेलेल्या कॅसेटी काढून चमनभाई त्यावर नवं भरून द्यायचे. पण कुठल्याही जुन्या कॅसेटीवर हात टाकण्याआधी ते ती मिनिटभर ऐकायचे. हा नियम त्यांनी पंधरा वर्षांत एकदा मोडला. शुक्रवार होता, जुम्म्याच्या नमाजाला उशीर होत होता, आणि एक गिऱ्हाईक लग्नाची गाणी भरून द्या म्हणून हटून बसलं होतं. फळीवरची एक कॅसेट त्यांनी ओढली. तिचा कागद दमट हवेनं सुटून कधीच पडला होता. चिकटपट्टी लावली, डेक सुरू केला आणि ते नमाजाला गेले.

परत आले तेव्हा लग्नाचं शेवटचं गाणं संपत होतं. भरायचं बटण उठवून त्यांनी फीत तशीच पुढं वाजवली. डेकमधनं शेवंताबाईंचा आवाज आला, “जो बाळा जो जो रे जो.” नवव्या कडव्याची शेवटची ओळ. मग नुसती खरखर.

चमनभाई त्या रात्री जेवले नाहीत. सुलतानबींनी एकदा विचारलं, त्यांनी सांगितलं, आणि पुढं दोघंही त्यावर बोलले नाहीत. महिन्याभरानं लक्ष्मीपुरीतल्या बाजारात शेवंताबाई भेटल्या.

“चमनभाऊ, माजी ठेव हाय न्हवं?”

“हाय की,” चमनभाईंच्या तोंडनं निघून गेलं. त्यानंतर उचगावच्या बाजूला कुणाच्या लग्नाचं आमंत्रण आलं तरी त्यांना नेमकं काम निघायचं.

दोन हजार सहा साली दुकानाची पुढची बाजू मुजम्मिलनं घेतली. मुजम्मिल त्यांच्या बहिणीचा मुलगा, पस्तिशीचा, आधी रेडिओ दुरुस्त करायचा, आता मोबाइल. दुरुस्तीबरोबर तो मेमरी कार्डात गाणीही टाकून द्यायचा. हजार गाणी पाच मिनिटांत. चमनभाई मागच्या बाजूला आपल्या डेकपाशी बसून बघायचे. सवयीनं ते मुजम्मिलच्या गिऱ्हाइकालाही विचारायचे, “कुणासाठी?” गिऱ्हाईक म्हणायचं, “जी असतील ती मारा.” भरणं जाऊन मारणं आलं होतं, हे त्यांना फार लागायचं.

त्यांची दुसरी अडचण निराळीच होती. कॅसेटीतलं गाणं कुठं आहे हे त्यांना फीत बघून सांगता यायचं. फोनातलं गाणं त्यांना दिसायचं नाही.

“मुजम्मिल, गाणं ह्यात हाय कुठं?”

“कार्डात असंल, न्हाय तर फोनात.”

“कार्डात कुठं?”

“फोल्डरात मामा.”

“आणि फोल्डर कुठं हाय?”

“मामा, चा सांगू का?”

पण चमनभाई सोडणारे नव्हते. कुणी फोन दुरुस्तीला टाकला आणि मागाहून गाणी गेली म्हणून भांडायला आला, की ते मुजम्मिलमागं उभं राहून ऐकायचे. हळूहळू त्यांना एवढं कळलं, की कार्ड काढून घेतलं म्हणजे सगळं आलं असं नसतं. काही वस्तू कार्डात असतात, काही फोनच्या पोटात, आणि जी ज्या वाटेनं आली ती त्या वाटेच्या घरात राहते.

दोन हजार नऊच्या जानेवारीत, एका गुरुवारी दुपारी, शेवंताबाई दुकानात आल्या. गळ्याला मफलर होता. चमनभाईंनी “जयभीम शेवंताक्का, बसा” म्हटलं आणि उत्तर ऐकायला त्यांना काउंटरवर वाकावं लागलं. चार महिन्यांपूर्वी गळ्याचं ऑपरेशन झालं होतं. गाठ निघाली, जीव वाचला, आवाज गेला. आता नुसती कुजबूज निघायची, आणि डॉक्टरांनी ह्याच्यापुढं आशा ठेवू नका म्हणून सांगितलं होतं.

“नात झाली,” शेवंताबाई म्हणाल्या. “अतुल-प्रीतीला नऊ वर्सांनी झाली. रविवारी बारसं हाय.”

“चांगलं झालं की.”

“मुलखाच्या पोरांना झोका दिला चमनभाऊ. माझ्या नातीला मुक्यानंच देऊ का? ती मूळची कॅसेट तेवढी रविवारच्या आत काढून ठेवा.”

चमनभाईंनी वर फळीकडं बघितलं, मग खाली. “बघतो,” ते म्हणाले.

शेवंताबाई गेल्या आणि आतलं दार उघडलं.

“काय बघणार हाईसा?” सुलतानबींनी विचारलं.

चमनभाई फळीवरच्या कॅसेटी सरळ करायला लागले.

“सा वर्सं मी गप ऱ्हायलो, कारण बाई हिंडून फिरून गात हुती. आता तिच्याकडं दुसरं काय ऱ्हायलंय? रविवारी साऱ्या पावण्यांत कळू दे म्हंतासा?”

“मी काय तोंडानं सांगू?”

“ज्या तोंडानं ‘हाय की’ म्हणालासा, त्याच. उद्या नमाज झाला की निघायचं. मी बी येतो.”

शुक्रवारी दोघं सिटी बसनं उचगावला गेले. शेवंताबाई अंगणात बाळाची दुपटी वाळत घालत होत्या. त्यांचा मुलगा अतुल रात्रपाळीची झोप काढून नुकताच उठला होता. सून प्रीती बाळाला मांडीवर घेऊन उंबऱ्याच्या आत बसली होती. सुलतानबींनी बाळाच्या हातात आणलेलं चांदीचं वाळं ठेवलं, कौतुक केलं आणि मग नवऱ्याकडं बघितलं.

चमनभाईंनी खाटेवर टेकायच्या आत सांगून टाकलं. जुम्मा, गिऱ्हाईक, चिकटपट्टी, सगळं. “आणि बाजारात मी तुमाला खोटं बोललो,” हेही.

शेवंताबाईंच्या हातातलं दुपटं हातातच राहिलं. त्याच्याच टोकानं त्यांनी डोळे टिपले. मग कुजबुजल्या, “म्हणून येत न्हवतासा व्हय इकडं? मला वाटलं, आमच्यात जेवायचं न्हाय म्हणून येत न्हाईसा.”

ह्या वाक्यावर चमनभाईंना बसता येईना आणि उठता येईना. कॅसेट पुसल्याचं दुःख त्यांनी सहा वर्षं केलं होतं, पण ह्या बाईला असंही काही वाटत असेल, हे त्यांच्या मनात कधी आलं नव्हतं.

“तसं न्हाय अक्का,” सुलतानबी म्हणाल्या. “हा माणूस भित्रा हाय, एवढंच. आज आमी दोघं जेवूनच जाणार.”

तेवढ्यात प्रीती आतनं म्हणाली, “आत्या, रडू नकासा. माझ्या फोनात हाय की तुमचा पाळणा. मी डाउनलोड केलाय. बारशाला लावायचा म्हणून जपून ठेवलाय, मी बी परत लावला न्हाय.”

सगळ्यांच्या माना तिच्याकडं वळल्या. चमनभाई म्हणाले, “आण बघू फोन.”

“फोन सारखा अडकायलाय म्हणून ह्यांनी सकाळीच टाकलाय दुरुस्तीला. तुमच्याच मुजम्मिलभाईंकडं.”

“सॉफ्टवेअर मारायला,” अतुल म्हणाला. “कार्ड काढून घ्या म्हटलंय त्येला. गाणी कार्डातच असत्यात न्हवं?”

सॉफ्टवेअर मारणं म्हणजे काय, हे चमनभाईंनी काउंटरमागं उभं राहून शंभरदा बघितलं होतं. फोनच्या पोटातलं सगळं धुऊन निघतं. त्यांनी अतुलचा फोन मागून घेतला आणि त्याला नंबर लावायला सांगितला.

“मुजम्मिल, उचगावच्या कांबळ्यांचा फोन हाय न्हवं? त्येला हात लावू नको.”

“केबल लावलीया मामा. एक बटन दाबायचं ऱ्हायलंय.”

“दाबू नको. त्यात पाळणा हाय.”

“न्हाय मामा. अतुलभाऊ सकाळी म्हणाले हुते, डाउनलोड केलेलं एक गाणं हाय, संभाळा म्हणून. कार्ड बघितलं. डाउनलोडचं फोल्डर बघितलं. गॅलरी बघितली. न्हाय त्यात. उडालं असंल.”

अतुलनं फोन मोठ्यानं लावला होता, त्यामुळं हे सगळ्यांनी ऐकलं. शेवंताबाई खाली बसल्या.

चमनभाई प्रीतीकडं वळले. “पोरी, डाउनलोड केलंस म्हंजे काय केलंस, ते सांग. पयल्यापास्नं.”

प्रीती गोंधळली. “डाउनलोडच की. गारगोटीला माझी बहीण हाय, श्रुती. तिच्या सासरी आत्यांची जुनी कॅसेट हुती. जूनमध्ये गेलतो तवा तिनं टेप लावला आणि टेपपुढं तिचा फोन धरला.”

“त्यात आलं?”

“आलं. पण आता तो फोन हौदात पडून गेला, आणि कॅसेट टेपनं खाल्ली.”

“बरं. तिच्या फोनातनं तुझ्या फोनात कसं आलं?”

“दोन्ही फोन शेजारी शेजारी ठेवलं. माझ्या फोननं विचारलं, घेऊ का? मी व्हय दाबलं.”

“मग?”

“मग पाकिटाचं चित्र आलं. ते उघडलं, पाळणा वाजला. बास.”

त्या दिवसांत कोल्हापुरात फोनात जे काही शिरेल त्याला सगळे डाउनलोडच म्हणायचे. दुकानातनं भरून आणलेलं डाउनलोड, मित्राकडनं आलेलं डाउनलोड, फोटोसुद्धा डाउनलोड. मुजम्मिलनं तो शब्द ऐकला आणि डाउनलोडच्या जागी शोधलं. त्याची चूक नव्हती.

“पाकीट,” चमनभाई म्हणाले. “फोनात पाकीट कशाचं असतंय?”

“मेसेजचं,” अतुल म्हणाला.

“मुजम्मिल, ऐकलंस? ते डाउनलोड न्हाय. ते कुणीतरी धाडलेलं हाय. धाडलेलं जिथं येतंय तिथं बघ.”

पलीकडं बटणं दाबल्याचे आवाज आले. “मेसेजच्या पेटीत सव्वातीनशे मेसेज हाईत मामा. सगळं कंपनीचंच. लॉटरी लागली, भविष्य बघा…”

“खाली जा. जूनपतुर जा.”

बाळ तेवढं हुंकार देत होतं. सुलतानबींचे ओठ हलत होते. त्या काय म्हणत होत्या ते त्यांनाच ठाऊक. शेवंताबाईंनीही डोळे मिटून हात जोडले होते.

“हाय,” मुजम्मिल म्हणाला. “भली मोठी फाइल हाय मामा. हिच्यापायीच फोन अडकत हुता.”

आणि मग फोनमधनं, पत्र्याच्या डब्यातनं यावा तसा, एक भरदार बाईचा आवाज आला. पहिल्या दिशी गं पाटी आणली. मधेच श्रुतीच्या घरातल्या कुकरची शिट्टी झाली. प्रीतीनं बाळाचा कान फोनकडं धरला. शेवंताबाईंनी मफलरवरनं गळ्याला हात लावला आणि तो तिथंच ठेवला.

त्या दिवशी सुलतानबी आणि चमनभाई पिठलं-भाकरी खाऊन, वर ताक पिऊन निघाले.

शनिवारी मुजम्मिलनं पाळणा फोनातनं काढून कॉम्प्युटरवर घेतला आणि मग दुसरी गोष्ट उघडी पडली. श्रुतीच्या फोननं पाच कडव्यांनंतर रेकॉर्डिंग आपोआप बंद केलं होतं. पुढची चार नव्हतीच. चमनभाईंनी लगेच फोन लावला. पुन्हा लपवायची त्यांना हौस नव्हती.

“पाच तर पाच,” शेवंताबाई कुजबुजल्या. “तुमी या म्हंजे झालं.”

रविवारी समाजमंदिरात बारसं झालं. त्रिशरण-पंचशील झालं, मेणबत्त्या लागल्या, पाळण्याला झेंडूच्या माळा सोडल्या होत्या. मुजम्मिलनं स्पीकर जोडला. चमनभाई त्याचा चांगला फोन दोन्ही हातांत धरून पाळण्याजवळ उभे होते. हे बारसं भरून घ्यायचं काम त्यांनी आपण होऊन मागून घेतलं होतं.

पाळणा सुरू झाला. कुकरची शिट्टी आली तेव्हा बायका हसल्या. पाचवं कडवं आलं, ‘जो’ अर्ध्यात तुटलं. सगळे शेवंताबाईंकडं बघायला लागले. पाळण्याची दोरी त्यांच्या हातात होती.

त्यांनी दोरी सोडली नाही. दुसऱ्या हातानं प्रीतीला जवळ ओढलं आणि तिच्या कानाला तोंड लावून काहीतरी सांगितलं.

“मला न्हाय यायचं आत्या,” प्रीती म्हणाली.

शेवंताबाईंनी पुन्हा सांगितलं. प्रीतीचा आवाज काही गाण्याचा नव्हता. ती धडा वाचावा तशी म्हणाली, “सहाव्या दिशी गं शाई आणली.” तिनं सासूकडं बघितलं, कान पुढं केला आणि पुढची ओळ घेतली, “मावशीच्या बोटाला सांडून गेली.” बायकांनी ‘जो बाळा’ उचललं. सातवं कडवं आलं तोवर प्रीतीला थोडी चाल सापडली होती. आठव्याला ती एक शब्द चुकली आणि शेवंताबाईंनी तिच्या दंडाला चिमटा काढून तो परत म्हणवून घेतला. नववं झालं, बाळाचं नाव संघमित्रा ठेवलं, आणि मुलांनी घुगऱ्यांच्या घमेल्याकडं धाव घेतली.

शेवंताबाई घुगऱ्यांचा द्रोण घेऊन चमनभाईंपाशी आल्या. ते अजून फोन धरून तसेच उभे होते. पडद्यावरचे सेकंद पुढं पळत होते.

“धरलासा न्हवं सगळं?” त्यांनी विचारलं.

“धरलंय अक्का. नऊच्या नऊ.” चमनभाईंनी फोन उलटा-सुलटा करून बघितला. “फकस्त गेलंय कुठं, ते मुजम्मिलला विचारतो आणि मग सांगतो. त्याआधी हाय म्हणून सांगणार न्हाय.”

शेवंताबाई हसल्या. आवाज आला नाही, खांदे तेवढे हलले. त्यांनी द्रोण त्यांच्या हातात दिला आणि मुजम्मिलला बोलवायला स्वतःच गेल्या.